मुलुंडच्या पडद्यावरचा उपवर

प्रबुद्ध ओव्हाळला एक खोड आहे. कुणीही फोन करून म्हणालं, की बाबा, तुमचं नवीन आमच्याकडं दिसत नाही, अजून जुनंच येतंय, तर तो कधी म्हणत नाही की माझ्याकडे तर बरोबर दिसतंय. तो म्हणतो, "तुम्ही रोज उघडता तसंच उघडा. मी मध्ये बोलत नाही. फक्त बघतो." मग गडी गप बसतो, पाण्याकाठी बगळा बसावा तसा.

आता तो मालाडला एका काचेच्या इमारतीत बसतो. त्याची मशिनं कुठल्या देशात आहेत हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. हाताखालच्या पोरांना वाटतं, साहेबांनी ही युक्ती कुठल्या तरी कोर्सात शिकून घेतली. कोर्स कसला डोंबलाचा! हे तो मुलुंडला शिकला, आन् शिकता शिकता त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

तेव्हा आम्ही दोघं अंधेरीला एमआयडीसीत एका गाळ्यात कामाला होतो. खाली पुठ्ठ्याचे खोके बनायचे, वर आमचे प्रोग्राम. खालची मशीन धडधडली की वर आमच्या चहाच्या पेल्यात लाटा उठायच्या. मालक विद्याधर सर, बोरिवलीचे, स्वभावानं गरीब, पण "पान पटकन उघडलं पाहिजे" हा एकच मंत्र. मी माणदेशातनं आलेला. माझं 'व्हय-न्हाय' अजून सुटलं नव्हतं आन् सोडायची गरजही वाटली नव्हती. प्रबुद्ध मला 'गाववाले' म्हणायचा. तो स्वतः कांजूरमार्गचा. वारं फिरलं की कचऱ्याच्या डोंगराचा वास घरात यायचा, त्यावरनं त्याची आई सांगायची म्हणे की आता खिडकी लावायची वेळ झाली. त्याचे आजे-पणजे जालन्याकडचे, पण त्याला जालना म्हणजे लग्नपत्रिकेवरचं एक गाव, एवढंच ठाऊक.

आमचं काम असं. जावात प्रोग्राम लिहायचा, सगळा एका बोचक्यात बांधायचा, बोचकं पेनड्राइव्हवर घ्यायचं आन् गिऱ्हाइकाच्या मशीनवर नेऊन ठेवायचं. तिथं टॉमकॅट नावाचा प्रोग्राम बसलेला असतो. त्याला आम्ही बोका म्हणायचो. बोक्यानं बोचकं सोडायचं, आतली पानं मांडायची आन् जो मागेल त्याला दाखवायची. ऐकायला सोपं आहे. पण बोक्याची जात आळशी. एकदा मांडलेलं पान तो बाजूला तयार करून ठेवतो आन् नवीन बोचकं दिलं तरी कधी कधी तेच शिळं पान पुढं ढकलतो. आमच्याकडं विकलेला बैल दावं तोडून पुन्हा जुन्या गोठ्यापुढं येऊन उभा राहतो, तशातली गत. अंधेरीत आमच्या मशीनवर सगळं झकास चालायचं, कारण तिथं बोका आमच्या डोळ्यांपुढं असायचा. गिऱ्हाइकाकडं गेला की त्याला तिथलं पाणी लागायचं.

प्रबुद्धचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मुलुंडचं वधू-वर मंडळ. बौद्ध समाजाचं. समाजमंदिराच्या कोपऱ्यातली एक खोली, टेबलाखाली ठेवलेली सर्व्हरची मशीन, तिच्यावर विणलेलं झाकण, आन् टेबलामागं शकुताई. मंडळ काढलं त्यांच्या यजमानांनी, भाऊंनी. भाऊ वारले तेव्हापासून शकुताईच सगळं बघायच्या. साठी ओलांडलेल्या, केस पांढरे, नजर घारीची. कुठल्या घरात मुलगी उजवायची राहिली आहे आन् कुठला मुलगा पितो, हे त्यांना तोंडपाठ. रविवारी मराठवाड्यातनं आलेली सगळी कुटुंबं तिथं जमायची. भांडुप, घाटकोपर, कुर्ला, पार ठाण्याहून. पडद्यावर एकेक मुलगा-मुलगी पुढं सरकायची आन् मागं बाकड्यावर बसलेल्या बाया सरळ मार्क द्यायच्या.

"हा नको. ह्याची मान बघ, सुरईवानी."

"मान बघती का पगार?"

"पगार रोज दिसत नाही बाई, मान दिसती."

या मंडळात भाऊंचा एक रिवाज होता. नाव कुणी परस्पर काढायचं नाही. साखरपुडा झाला तरी नाही. लग्न झालं की जोडप्यानं मिळून यायचं, पेढे ठेवायचे आन् दोघांनी आपापलं नाव आपल्या हातानं काढायचं. कारण साखरपुडे मोडतात. भाऊंनी मोडलेले पाहिले होते. घाईनं काढलेलं नाव परत लावताना पोरीच्या बापाची काय दशा होते, हेही पाहिलं होतं.

पण त्यातनं एक भानगड व्हायची. ज्यांचं जमलंय त्यांचे चेहरे पडद्यावर तसेच राहायचे, आन् लोक त्यांच्या घरी फोन करायचे. म्हणून प्रबुद्धनं तोड काढली. नाव आत राहू द्यायचं, पण 'जमलं' अशी खूण केली की ते पडद्यावर येणार नाही. खूण काढली की परत दिसेल. शकुताई खूश झाल्या. "भाऊंचं बी राहिलं आन् लोकांचं बी," म्हणाल्या.

या नव्या सोयीचा पहिला लाभार्थी खुद्द प्रबुद्धच. त्याच्या आईनं त्याचं नाव केव्हाचंच मंडळात घातलं होतं. त्याला घाटकोपरच्या तेजल हिवराळेचं स्थळ आलं. तेजल रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. बोलायला सुईसारखी. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "कॉम्प्युटर सोडून तुला काय काय बंद-चालू करता येतं?" हा तिथंच पडला. साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या आन् तेजलच्या नावापुढं 'जमलं'ची खूण केली, नवीन बोचकं मुलुंडला चढवलं आन् मला अंधेरीत येऊन पेढा दिला.

पुढच्या रविवारी तेजलचे वडील, धोंडिराम हिवराळे, मंडळात गेले. ते दर रविवारी जायचे. धाकट्या पोरीसाठी बघायचं होतं, आन् जालन्याकडची माणसं भेटायची म्हणूनही. गिरणीतला फिटर माणूस. अंगठ्याएवढी बोटं, आन् अब्रू त्याहून जाड. बसले बाकड्यावर. धाकटीसाठी म्हणून पडद्यावर नुसती मुलं सरकायला लागली. तिसरा की चौथा, आपला प्रबुद्ध! कोट घालून, फुलदाणीशेजारी उभा. खाली लिहिलेलं, 'वधू पाहिजे'.

मागनं कुणीतरी बोललं, "हिवराळे, तुमचा जावई अजून मैदान सोडंना का?"

अख्खी खोली हसली. धोंडिराम उठले आन् चहा न पिता बाहेर पडले.

त्या सोमवारी प्रबुद्ध कामावर आला तेव्हा तोंडाचा पार चोथा झालेला.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"वाट लागली, गाववाले. सासरा म्हणतो, एक पाय आमच्या दारात आणि एक बाजारात."

"आन् तेजल?"

"तेजल म्हणते, मी ओळखते तुझं काम. पण बाबांना सांगून फरक पडत नाही. दाखव."

तो तडक मुलुंडला गेला. पत्ता टाइप केला, पान उघडलं. त्याचं नाव नाही! शकुताईंना दाखवलं. नाही. शेजारच्या मशीनवर बघितलं. नाही. तरी गड्यानं काही बाकी ठेवलं नाही. ब्राउझरची आठवण पुसली. बोक्यानं तयार करून ठेवलेली शिळी पानं झाडली. बोक्याला झोपवला, उठवला. परत आला आन् म्हणाला, "शिळं पान होतं. काढलं."

पुढच्या रविवारी पडद्यावर पुन्हा तोच. कोट, फुलदाणी, 'वधू पाहिजे'.

आता मात्र धोंडिराम सरळ कांजूरमार्गला ओव्हाळांच्या घरी गेले. आत आले नाहीत. दारातनंच बोलले, "ओव्हाळ, पोरगं शिकलेलं आहे, मी अंगठेबहाद्दर नाही पण साधा माणूस आहे. ते म्हनतं नाव झाकलं. मला तर दिसायलंय. येत्या रविवारी जर ह्याचं थोबाड तिथं दिसलं, तर साखरपुडा मोडला म्हनून समजा. आमची अंगठी आम्ही परत घेऊ."

प्रबुद्धची आई रडायला लागली. बाप म्हणाला, "तूच केलेला प्रोग्राम ना? मग तुझं का ऐकत नाही तो?"

मी त्याला म्हणालो, "आरं खुळ्या, सर्व्हरच्या पोटात हात घाल आन् तुझं नाव कायमचं खोड. कुणाला कळतंय?"

"शकुताईंना कळेल."

"न्हाई कळायचं."

"मला कळेल ना यार. माझं एकट्याचं नाही ते. बाकीची पण जमलेली पोरं-पोरी तिथं दिसतायत. त्यांचे सासरे मंडळात जात नाहीत एवढंच." वर म्हणाला, "आणि नाव दोघांनी काढायचं असतं."

त्या आठवड्यात त्यानं मुलुंडच्या किती खेपा केल्या हे त्यालाच माहीत. सुटलं काम की जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानं बस पकडायची. एकदा मलाही नेलं. बोका जिथं बोचकी ठेवतो ती मशीनमधली खोली त्यानं उघडली. नवीन बोचक्याचा सोडलेला पसारा होता, तो काढून टाकला, पुन्हा सोडायला लावला. शेजारी 'जुना' नावाचं एक फोल्डर पडलेलं होतं.

"हे काय?" मी.

"जुनी प्रत. असू दे, अडीनडीला उपयोगी पडते." आन् त्यानं पुढचं बघायला घेतलं.

मला त्यात काही वाटलं नाही. माझ्याही घरी माळ्यावर फुटका रांजण आहे, असू दे म्हणून ठेवलेला.

सगळं करून पान उघडलं. नाव नाही. शकुताई म्हणाल्या, "बाळा, तू असला की ते शहाण्यासारखं वागतंय. तू गेला की रविवारी अंगात येतंय त्याच्या."

परतीच्या बसमध्ये पवईच्या तलावापाशी प्रबुद्ध बोलला, "मी असताना नीट. मी नसताना जुनं. म्हणजे मी काहीतरी वेगळं करतो. किंवा ते करतात."

"मग रविवारी जाऊन बस की. बघ काय करत्यात."

"रविवारी? तिथं सासरा असेल."

"तो हाय म्हणून तर जायचं. मी येतो संगं."

रविवारी सकाळी आम्ही लोक यायच्या आधी पोचलो. प्रबुद्ध मागच्या बाकड्यावर भिंतीला टेकून बसला, आपलंच स्थळ बघायला आल्यासारखा. शकुताई आल्या. त्यांनी झाकण काढून घडी करून ठेवलं, टेबल पुसलं, कॉम्प्युटर लावला. पडद्यापुढं मेणबत्ती लावली, दोन झेंडू ठेवले. मोठ्या हॉलमध्ये रविवारी पोरांची कराटेची आरडाओरड असायची, तिथल्या मूर्तीपुढं शांतपणे बसायची सोय नाही. म्हणून मंडळाची वंदना या खोलीतच व्हायची.

मग त्यांनी पडद्यावरच्या एका चिन्हावर बोट ठेवलं. कमळाचं चिन्ह. पान उघडलं आन् वर बुद्धांचा फोटो आला. जालन्याकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या विहारातली सिमेंटची मूर्ती, ओठ जरा जाड रंगवलेले, फोटो एका बाजूला कललेला. भाऊंनी आपल्या मोबाइलवर काढलेला. तो विहार आता पाडून नवा संगमरवरी बांधलाय, मूर्तीही नवी आहे. ही जुनी मूर्ती उरली ती या पडद्यावरच.

शकुताईंनी हात जोडले. आलेले दोघं-चौघं उभे राहिले. प्रबुद्धही उभा राहिला. "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू झालं. मी शेजारी होतो. मला त्याच्या आवाजात मध्येच एक गचका बसलेला कळला. तोंड म्हणत होतं वंदना, पण डोळे गेले होते पडद्याच्या वरच्या कडेला, जिथं पत्ता असतो तिथं. पत्त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'जुना'.

हलला नाही गडी. वंदना पुरी होईस्तोवर हात जोडून उभा होता. मग मटकन बाकड्यावर बसला आन् माझ्या मांडीवर थाप मारली.

"गाववाले, मीच रे."

"काय तूच?"

"वर्षापूर्वी सरांनी भाऊंचा हा बुद्धांचा फोटो पानावरून काढून टाकायला लावला होता. पान जड होतंय म्हणून. त्याच्या जागी नवरा-नवरीचं चित्र टाकलं. ताई म्हणाल्या, वंदना कशापुढं करू? मी म्हटलं, ताई, करतो काहीतरी. जुन्या प्रोग्रामची प्रत शेजारी ठेवली आणि हे कमळ काढून दिलं. दोन-चार दिवसांसाठी. फोटो नव्यात घालेपर्यंत."

"आन् मग?"

"मग विसरलो."

आता तुम्हाला बोक्याची गंमत सांगतो. आपण समजतो, प्रत म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेलं लुगडं. पण बोक्याच्या खोलीत जे ठेवाल ते तो सोडतो, मांडतो आन् चालवतो. त्याला प्रत कळत नाही. त्या एका मशीनवर वर्षभर दोन प्रोग्राम शेजारी शेजारी नांदत होते. माहिती दोघांची एकच, पण 'जमलं'ची खूण वाचायला शिकला होता फक्त नवा. शकुताई इतर दिवशी नव्यात काम करायच्या. रविवारी वंदनेसाठी कमळ उघडायच्या, आन् उघडलंच आहे तर दिवसभर त्यातच लोकांना दाखवायच्या. प्रबुद्ध कधी रविवारी आला नाही. आला तेव्हा आपला पत्ता आपण टाइप केला. त्या बाईंना एकदाही म्हणाला नाही की ताई, तुम्ही कसं उघडता ते दाखवा.

तेवढ्यात धोंडिराम आले. दारातच थांबले. पडद्यावर बुद्धांचा फोटो, बाकड्यावर जावई.

"आज सोता आलास का स्थळ बघायला?"

खोलीत हसू दाबलं गेलं. प्रबुद्ध उठला. "जयभीम. बसा मामा. सापडलंय. अर्धा तास द्या."

"मी रविवारपतोर दिलता. आज रविवार हाय."

"अजून संपला नाही ना?"

धोंडिराम बसले, हाताची घडी घालून. प्रबुद्धनं 'जुना' हलवायला हात घातला आन् शकुताईंनी त्याच्या मनगटावर चापटी मारली.

"त्याला हात लावायचा नाही."

"ताई, त्याच्यामुळेच—"

"तुझं लगीन मोडो का जुळो. भाऊंचा फोटो गेला तर मी उद्यापासून या खोलीत यायची नाही. तुम्ही एकदा काढलाय. मी एकदा गप बसले."

मागं धोंडिराम, पुढं शकुताई. कुणाचीच समजूत तोंडानं काढता येणार नव्हती. मग प्रबुद्ध खाली मांडी घालून सर्व्हरपुढं बसला आन् आम्हाला अंधेरीत जे करायला सक्त बंदी होती ते त्यानं केलं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर, चालत्या प्रोग्रामात, हातानं बदल. जुन्यातला फोटो उचलला, नव्याच्या पहिल्या पानावर आणला. नवरा-नवरीचं चित्र काढून टाकलं. दोनदा फोटो चुकीच्या जागी बसला. एकदा तर बुद्धांच्या डोक्यावर 'फी भरण्याची मुदत' आलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शकुताई मात्र हसल्या नाहीत, नीट होईपर्यंत मागं उभ्या राहिल्या.

नवं पान उघडलं. तोच कललेला फोटो, तेच जाड ओठ. शकुताईंनी चष्मा वर करून बघितलं.

"जरा मोठा कर."

केला.

"आता चालंल."

मग त्यानं 'जुना' बोक्याच्या खोलीतनं उचलून पार दुसऱ्या जागी ठेवला, जिथं बोक्याचा पंजा पोचत नाही. कमळाच्या चिन्हाला नव्याचा पत्ता दिला. आन् उठून बाजूला झाला.

"ताई, तुम्ही उघडा. रोज उघडता तसं."

शकुताईंनी कमळावर बोट ठेवलं. बुद्धांचा फोटो आला. पुढं गेल्या. मुलं सरकायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. जिथं कोट आन् फुलदाणी यायची तिथं भांडुपचा कुणी मिशीवाला आला. पार शेवटापर्यंत गेल्या. प्रबुद्ध नव्हता.

धोंडिराम उठून टेबलापाशी आले. पडद्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"ते जुनं इथं ठिवलं कुनी होतं?"

'मीच मागितलं होतं' असं शकुताई म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. प्रबुद्धच आधी बोलला.

"मी."

"आन् मग?"

"विसरलो."

"उद्या माझ्या पोरीला कुठं ठिवून विसरशील?"

"तिला कुठं ठेवायची माझी टाप आहे का, मामा? तीच मला ठेवते."

आता मात्र कुणी हसू दाबलं नाही. धोंडिरामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते परत बाकड्यावर बसले आन् म्हणाले, "शकुबाई, मागच्या दोन रविवारचा चहा राहिलाय माझा." साखरपुड्याचं काय झालं, हे त्यातच आलं. आमच्याकडंही असंच असतं. मोडतो म्हणताना माणूस दारात उभा राहून ओरडतो, जुळलं हे मात्र चहाच्या कपात सांगतो.

सोमवारी प्रबुद्धनं सगळ्यात आधी तो फोटो अंधेरीतल्या मूळ प्रोग्रामात घातला. नाहीतर पुढचं बोचकं चढलं असतं आन् मुलुंडचा फोटो पुन्हा उडाला असता. विद्याधर सरांनी पान उघडून बघितलं. "जड झालंय रे हे."

"हो सर. राहू द्या."

सरांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आन् राहू दिलं.

लग्न झालं. त्याच्या पुढच्या रविवारी जोडपं पेढे घेऊन मंडळात आलं. मीही गेलो, पेढ्यासाठीच म्हणा. शकुताई खुर्चीवरनं उठल्या. खुर्ची एक, बसणार दोघं. तेजल बसली, प्रबुद्ध हातावर टेकून वाकला. तिनं आपलं नाव काढलं. त्यानं आपलं काढलं. शकुताईंनी कमळ दाबून बघितलं, दोघंही नव्हते. बाकड्यावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

धोंडिराम पेढा हातात धरून उभे होते. खात नव्हते.

"बाबा, आता काय राहिलं?" तेजलनं विचारलं.

"त्या पलीकडच्या कॉम्प्युटरवर बी बघा एकडाव," ते म्हणाले. "मग खातो."